लाईट गेल्यावर लावायची तार

घरच्या रेडिओवरून परमुलखातल्या माणसांशी बोलणाऱ्या हौशी लोकांना जग हॅम म्हणतं आणि घरचे वेगवेगळं काहीतरी म्हणतात. या मंडळींत खोटं बोलण्याची एक जुनी आणि सभ्य पद्धत आहे. समोरच्याचा आवाज आपल्याला कसा ऐकू येतो ते त्याला आकड्यांत सांगायचं असतं. स्पष्टतेला पाचपैकी गुण, जोराला नऊपैकी. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. या छंदात नवा होतो तेव्हा माझी समजूत होती की हे गुण मोजून देतात. पहिल्याच महिन्यात एका गृहस्थाला मी रेडिओवर सांगताना ऐकलं, "तुम्ही मला पाच-नऊ ऐकू येताय. आता कृपा करून नाव परत सांगा, गाव परत सांगा, आणि मी तुम्हाला कसा ऐकू येतो तेही परत सांगा." लग्नाच्या पंगतीतून उठताना जिलबी शिळी होती असं कोणी सांगत नाही, तसाच हा प्रकार.

आमच्या सोसायटीचे चेअरमन या पाच-नऊच्या जगातले मानकरी होते. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या एका चार मजली इमारतीत दोन हॅम निघावेत हा योगायोग, आणि त्यातला एक चेअरमन असावा हा माझ्या नशिबाचा भाग. ते सरकारी खात्यातून बऱ्याच वरच्या खुर्चीवरून निवृत्त झाले होते. खुर्ची खात्यात राहिली होती, बसण्याची पद्धत मात्र ते घरी घेऊन आले होते. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी त्यांचा लोखंडी मनोरा होता. वर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा, सुरमईचा काटा सोलून ठेवावा तसा अँटेना, आणि तो हव्या त्या देशाकडे वळवायला मोटर. घरात रेडिओ आणि रेडिओची ताकद कित्येक पट वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर. तो चालू झाला की जिन्यातला बल्ब क्षणभर मान खाली घालायचा. इमारतीतल्या लोकांना वाटे मनोरा पोलिसांचा आहे. काहींना वाटे मोबाईल कंपनीचा. चेअरमनसाहेबांनी दोन्ही समजुतींना कधी धक्का लावला नाही.

माझ्याकडे होती एक तार. टाकीच्या खांबापासून जिन्याच्या खोलीपर्यंत ताणलेली, मधोमध तोडून तिथून केबल खाली चौथ्या मजल्यावर माझ्या खिडकीत आलेली. कपडे वाळत घालायच्या तारेपेक्षा ती फारशी वेगळी दिसत नसे, आणि तिच्यावरून कोणाचे तरी पायजमे मी दोन-तीनदा उतरवले होते. सरकारी परवाना मात्र आम्हा दोघांकडेही एकसारखाच होता.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. वसईत तेव्हा लाईट जाणं ही घटना नव्हती, दिनक्रम होता. भारनियमनाचं वेळापत्रक निघायचं आणि लाईट त्या वेळापत्रकाखेरीज इतर वेळीही जायची. लोक वैतागायचे. मी वरवर वैतागायचो. कारण रेडिओवाल्याचा खरा शत्रू अंतर नसून शेजार असतो. ट्यूबलाईटचे चोक, पाण्याचे पंप, मिक्सर, केबलवाल्याची पेटी, सगळे मिळून रेडिओत एक अखंड खरखर ओततात. लाईट गेली की ती खरखर अशी थांबायची की वाटावं, कोणीतरी सबंध वसईच्या तोंडावर हात ठेवला. मी मोटारीची जुनी बॅटरी रेडिओला जोडायचो, सेकंडहॅण्ड लॅपटॉप उघडायचो, आणि कुजबुजायला बसायचो.

ही कुजबूज म्हणजे नव्या तऱ्हेचा डिजिटल प्रकार होता. त्यात बोलायचं नसतं. कॉम्प्युटर तुमचा छोटासा निरोप सुरांत बदलतो आणि मिनिटभर रेडिओतून सोडतो. पुढचं मिनिट गप्प राहून ऐकायचं. दोन्हीकडची घड्याळं सेकंदाला जुळलेली हवीत. निरोप तरी काय, तर परवान्यावरचं आपलं ओळखचिन्ह, ठिकाण, समोरच्याचा आवाज किती आला तो आकडा, आणि नमस्कार. माणसाच्या कानाला जिथे नुसती खरखर ऐकू येते, तिथून कॉम्प्युटर हा निरोप उकरून काढतो. झिरोच्या बल्बाएवढ्या ताकदीत माझी तार ब्राझीलपर्यंत पोचायची. आणि आकडा कॉम्प्युटर स्वतः मोजायचा, त्यामुळे तो खरा असायचा. खरखरीच्या मानाने आवाज किती, असा हिशेब असल्याने तो बहुतेक उणे असायचा.

"एवढ्या लांब जाऊन काय बोललात?" बायकोने मेणबत्तीच्या उजेडात भाजी निवडता निवडता विचारलं.

"तो म्हणाला, उणे एकवीस."

"आणि तुम्ही?"

"उणे अठरा."

"मग मिटलं का भांडण?"

हा प्रकार चेअरमनसाहेबांच्या कानावर गेला. हॅम मंडळींच्या रविवारच्या गप्पांत त्याची चर्चा व्हायला लागली होती, आणि ज्याची चर्चा होते त्याचे अध्यक्ष आपण नाही ही गोष्ट त्यांना फार दिवस सोसत नसे. एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दाखवा बघू तुमचं ते मुकं खेळणं."

मी दाखवलं. फिनलंडमधल्या कोणा भल्या माणसाने मला उणे एकोणीस दिले. पडद्यावर ती ओळ उमटली तेव्हा माझा चेहरा फुलला असावा, कारण चेअरमनसाहेबांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं.

"उणे? म्हणजे शून्याच्याही खाली?"

"हो. पण पोचलं ना."

"अहो, पोचण्याला काय अर्थ आहे? पंचवीस वर्षांत मला कोणी पाच-नऊच्या खाली दिलेलं नाही."

"ते खरं," मी म्हटलं. "तिथे कोणालाच कोणी खाली देत नाही."

माझं वाक्य त्यांना कौतुकाचं वाटलं. आठवड्याभरात त्यांच्याकडे नवा लॅपटॉप आला, प्रोग्राम आला, आणि त्यांनी एक निश्चय केला. आपल्याला उणे आकडा मिळणार नाही. मिळाला तर अधिक मिळेल.

आता या प्रकारात एक गंमत होती. त्या वेळच्या प्रोग्रामात आकडा उणे एकपर्यंतच चढायचा. त्याच्या वर त्याला चढताच येत नसे. तुम्ही शेजारच्या खोलीतून तोफ डागलीत तरी तो उणे एकच म्हणणार. करणाऱ्यांनी तो अशक्तांसाठी केला होता आणि पहिलवानांची सोय पाहिली नव्हती. चेअरमनसाहेबांना जपानने उणे एक दिले. त्यांनी ताकद वाढवली. इटलीने उणे एक दिले. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण उघडला. ऑस्ट्रेलियानेही उणे एकच दिले.

मी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं, "साहेब, त्याच्या पुढे तो जातच नाही. तशी सोयच नाही त्यात."

"तुमच्या कॉम्प्युटरवर जात नसेल," ते म्हणाले. "माझा नवीन आहे."

पूर्ण मिनिट सलग ओरडत राहण्याची त्या अ‍ॅम्प्लिफायरला सवय नव्हती. तो तापायला लागला, तेव्हा त्यांनी त्याच्यासमोर टेबलफॅन लावला. आजारी माणसाच्या उशाशी लावावा तसा तो पंखा संध्याकाळभर फिरत असे. कुजबुजण्यासाठी शोधलेल्या भाषेत सबंध जगावर ओरडण्याचा हा उद्योग मी तरी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. सरकारी खात्यात अनेक वर्षं काढलेल्या माणसालाच तो सुचावा.

आणि मग टीव्हीवर पट्टे यायला लागले. संध्याकाळी ऐन मालिकांच्या वेळी पडदा तिरप्या पट्ट्यांनी भरायचा, मिनिटभर तसाच राहायचा, मग मिनिटभर साफ व्हायचा, की पुन्हा पट्टे. सुनेने सासूला काय उत्तर दिलं ते कळायचं आणि सासूचा चेहरा दिसायचा नाही. तक्रारी केबलवाल्याकडे गेल्या. त्याने स्वतःच्या वायरी इमारतीभर वेलीसारख्या चढवल्या होत्या, पण गच्चीवर येऊन त्याने बोट दाखवलं ते माझ्या तारेकडे.

"ये किसका है? इसीका लफडा है. निकाल दो, सब क्लिअर."

मनोऱ्याकडे त्याने आदराने पाहिलं आणि त्याला वळसा घालून तो निघून गेला. लोखंडाला जो मान मिळतो तो तारेला नाही.

नोटीस बोर्डावर कागद लागला. विषय एकच, चौथ्या मजल्यावरच्या रहिवाशाची तार. ती उतरली तर माझा रेडिओ ही एक महागडी पेटी उरणार होती. खिडकीच्या ग्रिलला तार बांधून मी प्रयोग करून पाहिला होता. आमच्या ग्रिलमधून वसईतलंच वटार गावदेखील लांब होतं, ब्राझील सोडाच.

मी चेअरमनसाहेबांकडे गेलो. पंखा चालू होता.

"साहेब, पट्टे तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचे आहेत. थोडा कमी करा, कोणाला काही कळणार नाही."

"माझे?" ते हसले. "माझं स्टेशन नियमाप्रमाणे उभं आहे. तुमची तार पायजम्याच्या नाडीने बांधलेली आहे. लोक कोणावर संशय घेतील?"

"लोकांचं जाऊ द्या. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, आपण दोघांनीही सभेत संयम ठेवावा."

हॅम मंडळींत एक रीत आहे. एका हॅमची तक्रार दुसऱ्याने बिगरहॅमांपुढे करायची नाही. करणाऱ्याशी पुढे कोणी नीट बोलत नाही. शिवाय मला दुसरीही शंका होती. मी मनोऱ्याकडे बोट दाखवलं, तर सभा तार आणि मनोरा दोन्ही काढायला सांगेल, आणि न्याय झाला म्हणून घरी जाईल.

सभा तळमजल्यावर पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे टेबल, टेबलामागे चेअरमनसाहेब. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की या विषयातले जाणकार या नात्याने आपण तटस्थ राहू, आणि मग माझी तार कशी घातक आहे यावर ते बराच वेळ तटस्थपणे बोलले.

"माझ्या तारेचे पट्टे नाहीत," मी म्हटलं.

"मग कोणाचे?" मागून कोणीतरी विचारलं.

मी टेबलाकडे पाहिलं. टेबलाने विषयपत्रिकेकडे पाहिलं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई उठल्या. त्या तुळिंजच्या एका शाळेत शिकवायच्या आणि सभेत वर्गात उभं राहावं तशा उभ्या राहायच्या. "मला एक कळत नाही," त्या म्हणाल्या. "एवढं भांडायचं कशाला? लाईट जाते तेव्हा आमचे टीव्ही बंद असतात. त्यांनी तेव्हा लावावी तार. लाईट आली की काढावी. त्यांचंही होईल, आपलंही होईल."

लोक हसले, पण ते आवडल्याचं हसू होतं. चेअरमनसाहेबांनाही ते एकदम पटलं. तार जाणार नाही म्हणजे आपल्यावर सूड घेतल्याचा आरोप नाही, आणि अंधारात बसून हा माणूस करणार काय, असा त्यांचा हिशेब असावा. मी तोंड पाडून बसलो. हे मोठ्या कष्टाने जमवावं लागलं. वसईत रेडिओ ऐकायची एकमेव चांगली वेळ सभेने मला शिक्षा म्हणून एकमताने बहाल केली होती.

सेक्रेटरी लिहायला लागला, "चौथ्या मजल्यावरची तार फक्त..."

"थांबा," चेअरमनसाहेब म्हणाले. "असं लिहितात का? प्रस्ताव माणसाविरुद्ध नसतो, तत्त्वासाठी असतो. लिहून घ्या." आणि त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "गच्चीवर असलेल्या अगर यापुढे उभारल्या जाणाऱ्या कोणत्याही स्वरूपाच्या रेडिओ प्रक्षेपण साधनाचा वापर, इमारतीचा वीजपुरवठा खंडित असतानाच करता येईल, अन्यथा नाही."

सगळ्यांनी हात वर केले. मीसुद्धा.

रोज तार चढवायची-उतरवायची म्हणून मी पाचूबंदरच्या कोळीवाड्यात जाऊन एक कप्पी आणि नायलॉनची दोरी घेतली. विकणारा म्हणाला, "घ्या साहेब, खाऱ्या पान्यात राहिली तरी कुजायची नाय. होडी कुठं ठेवलीय?" मी म्हटलं, गच्चीवर. त्याने पुढे काही विचारलं नाही. गच्चीची चावी वॉचमनकडे असे. जिन्यातला बल्ब विझल्याची स्वतः खात्री करून घेतल्याशिवाय तो ती देत नसे. एकदा बल्बच उडाला होता, तेव्हा त्याने मला चावी दिली आणि पाच मिनिटांत शिट्टी वाजवत वर येऊन तार उतरवायला लावली.

पट्टे अर्थातच गेले नाहीत. महिन्याभराने दुसऱ्या मजल्यावरच्या बाई मला जिन्यात भेटल्या.

"तुम्ही लाईट असताना लावता का हो तार?"

"नाही बाई. चला, दाखवतो."

बाईंनी मागितल्यावर वॉचमनने बल्ब जळत असतानाही चावी दिली, आणि आम्ही गच्चीवर गेलो. तार कप्पीखाली गुंडाळून पडली होती. बाईंनी ती पायाच्या अंगठ्याने हलवून बघितली. मग मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं. त्याच वेळी मोटर घरघरली आणि वरचा काटा सावकाश उत्तरेकडे वळला. खालून कोणाच्या तरी घरातून आवाज आला, "आले बघ परत पट्टे."

"हा पोलिसांचा ना?" बाईंनी विचारलं.

"चेअरमनसाहेबांचा."

"कशाला लागतो?"

"मोठ्याने बोलायला."

मी तक्रार केली नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, आणि तेवढ्याने रीत मोडत नाही असं माझं अजूनही मत आहे.

बाईंनी पुढच्या सभेची वाट पाहिली नाही, ती बोलावायला लावली. चेअरमनसाहेबांनी आधी सांगितलं की त्यांचा अँटेना युरोपकडे तोंड करून असतो, त्यामुळे वसईवर परिणाम होणं शक्य नाही.

"आमचे टीव्ही युरोपात आहेत का?" बाईंनी विचारलं. मग त्यांनी मागचा प्रस्ताव वाचायला घेतला, सावकाश, फळ्यावर लिहितोय अशा आवाजात. "कोणत्याही स्वरूपाच्या" या शब्दांशी त्या थांबल्या. "हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो," चेअरमनसाहेब म्हणाले. त्यांना अडचण कळली होती. पण मसुदा वाचला जात असताना त्यांची मान किंचित डोलत होती, हे मी पाहिलं.

"मग तुमचाही लाईट गेल्यावर."

"पण बाई, माझा अ‍ॅम्प्लिफायर लाईटवरच चालतो."

"तो तुमचा प्रश्न आहे," म्हणून बाई खाली बसल्या.

दुसऱ्याच आठवड्यात लाईट गेली असताना माझी बेल, जी लाईटवर चालायची, वाजली नाही, दार वाजलं. दारात चेअरमनसाहेब. "तुमची ती बॅटरी," ते म्हणाले, "कुठे मिळते?"

त्यानंतरची दोन-तीन वर्षं लाईट गेली की आम्ही दोघंही वर जायचो. वॉचमन बल्ब बघायचा आणि चावी द्यायचा. मी कप्पीने तार चढवायचो. त्यांची मोटर बंद असल्याने ते मनोऱ्याला दोरी बांधून काटा हाताने ओढून वळवायचे आणि मला विचारायचे, "जपान इकडेच ना?" अ‍ॅम्प्लिफायरवर त्यांनी घरी फुलदाणी ठेवली होती. बॅटरीवरच्या ताकदीत त्यांनाही उणे आकडे मिळायला लागले. पहिल्यांदा उणे चौदा आले तेव्हा त्यांनी चष्मा पुसून तो आकडा परत वाचला.

मग म्हणाले, "तुम्हाला किती दिले त्याने?"

"बावीस. उणे."

"म्हणजे मी आठने वर."

त्यानंतर त्यांना उणेची काही अडचण राहिली नाही. शून्याच्या खालीही वरची-खालची पायरी असते हे एकदा कळल्यावर त्यांचा सगळा संकोच गेला. रविवारच्या गप्पांत ते आता पाच-नऊवाल्यांना हसायचे. "आमच्यात खोटं चालत नाही," म्हणायचे. हे 'आमच्यात' ऐकून मी चहा पीत राहायचो.

आमच्यावर खरं संकट आलं ते निराळ्याच बाजूने. वसईची लाईट सुधारली. आधी वेळापत्रकातले तास कमी झाले, मग वेळापत्रकच गेलं. लोकांनी एकमेकांना पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले. माझी बायको म्हणाली, "आता तरी जरा हसा, माणसं बघतात." आम्ही दोघं रोज संध्याकाळी जिन्यातल्या बल्बाकडे बघायचो आणि तो आमच्याकडे बघायचा. वॉचमनने चावी खिळ्याला अडकवली होती. आठवडे जायचे, ती हलायची नाही. बॅटरी न वापरल्याने बसली. तार गुंडाळलेली पडून राहिली.

एव्हाना सोसायटीच्या चेअरमन दुसऱ्या मजल्यावरच्या बाई झाल्या होत्या. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. जुन्या चेअरमनसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी विनंतीची प्रस्तावना केली, बदललेल्या परिस्थितीचा आढावा घेतला, आणि शेवटी सांगितलं की आता आम्ही दोघंही बॅटरीवरच, कुजबुजीपुरतंच बोलतो, त्याने कोणाच्या टीव्हीला काही होत नाही, तेव्हा लाईट असतानाही परवानगी मिळावी.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चहा दिला.

"प्रस्तावात काय आहे?" त्या म्हणाल्या.

"वीजपुरवठा खंडित असतानाच," जुने चेअरमनसाहेब म्हणाले. "अन्यथा नाही."

"मग? लाईट गेली की जा ना वर. कोण अडवतंय?"

"पण आता लाईट जातच नाही हो, बाई," मी म्हटलं.

"मग वीज कंपनीत जाऊन तक्रार करा," त्या कपबशा उचलत म्हणाल्या. "दोघं सह्या करा, की आमची लाईट का जात नाही. मी तर परत सभा बोलावणार नाही. मागच्या वेळी किती मुश्किलीने लोक जमले होते."

आम्ही बाहेर आलो. जिन्यात बल्ब जळत होता, खाली कोणाचा तरी पंप चालू होता, दोन घरांतून एकच मालिका ऐकू येत होती. जुने चेअरमनसाहेब एक मजला चढले आणि कठड्याला हात लावून थांबले. मला वाटलं, आता बाईंना काहीतरी बोलतील, निदान वीज कंपनीला.

"मसुदा मात्र माझाच," ते म्हणाले. "कुठे पळवाट सापडली का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं.

"सापडणारच नाही," ते म्हणाले, आणि समाधानाने वर गेले.